चढावर पळणारे जावई

कोणाचेही जावई सासुरवाडीला आले की आधी चपला काढतात. आमचे आले की बूट चढवतात.

गडचांदूरहून फटफटीवर यायचं, अंगणात गाडी लावायची, पिशवीतून पोपटी बूट काढायचे. चड्डी अशी, की शिंप्याने उरलेल्या तुकड्यातून उपकार म्हणून शिवून दिली असावी. सासऱ्याला नमस्कार केला की जे सुटायचे ते थेट मारोतीच्या टेकडीवर. देवळात हात जोडत असतील म्हणाल, तर तेही नाही. वर जायचं, खाली यायचं, पुन्हा वर, पुन्हा खाली. येताना हातात सरपणाची एक काडी नाही. आमची म्हैस सुटली तरी एवढी वणवण करत नाही, आणि केलीच तर निदान पोट भरून येते.

जावई तेही करत नव्हते. मी ताट वाढून ठेवलेलं असायचं, आणि हे घामाघूम होऊन यायचे, अंगणात उभ्या उभ्या खिशातून एक चकचकीत पुडी काढायचे, दाताने फाडायचे आणि त्यातला चिकट रस चोखत बसायचे. माझी लेक करिष्मा म्हणायची, "माय, ते पोटाले शिकवून राह्यले. पळता पळता खाल्लेलं पचलं पायजे म्हून."

मी म्हणलं, "पोटाले काय दहावीत बसवाचं आहे?"

हे मी लेकीला म्हणलं, जावयांना नाही. आमच्या घरात सासू जावयाशी तोंडावर बोलत नाही. माझी आई माझ्या मालकांशी मरेपर्यंत एक शब्द बोलली नाही, आणि दोघांचं कधी भांडणही झालं नाही. मीही डोक्यावर पदर घेते, तोंड दुसरीकडे करते आणि जे सांगायचं ते लेकीला सांगते. लेक नसली तर म्हशीला. म्हैस नसली तर भिंतीला. माझा आवाज असा आहे की भिंतीला सांगितलेलं तीन घरं पलीकडे लच्छूच्या बायकोला कळतं, तेव्हा जावयांना कळायला अडचण नव्हती. पण त्यांनी दीड वर्षात एक विद्या साधली होती. मी म्हशीकडे तोंड केलं की ते मान डोलवायचे, गोड हसायचे आणि चालू पडायचे. आत काही जात नव्हतं.

जावयांचं नाव विक्रांत, पण सगळे विक्कीच म्हणतात. सिमेंटच्या कारखान्यात नोकरी, स्वभाव गरीब, लेक सुखात. त्यात मी खोट काढणार नाही. खोट काढायला पळणं पुरेसं होतं.

त्यात यंदा श्रावण अधिक आला. लेकीच्या लग्नानंतरचा पहिला अधिक महिना. ज्यांना लेकी आहेत त्यांना सांगायला नको. पहिल्या अधिकात जावयाला पाटावर बसवायचं, पुरण वाढायचं आणि तेहतीस अनारशांचं वाण पेटत्या दिव्यासकट त्यांच्या हातात द्यायचं. ते राहिलं की तीन वर्षं थांबा. आणि तीन वर्षं लच्छूच्या बायकोचं तोंड पाहा. तिने तिच्या जावयाला महिना लागताच जेवू घातलं होतं, वर चांदीचा गिलास दिला होता, आणि तो गिलास देण्याआधी गावात घरोघरी दाखवून आणला होता.

आमचे जावई दर रविवारी येत होते आणि दर रविवारी म्हणत होते, "करिष्मा, मामीले सांग, शर्यत झाली का जेवतो. आता गोड-तळलेलं नाई." मामी म्हणजे मी.

शर्यत होती पन्नास किलोमीटरची, आमच्याच पहाडावरून, जंगलातून, चिखलातून. आणि होती कधी? अधिकाच्या शेवटच्या रविवारी. त्यानंतर दोन दिवसांत महिना संपणार आणि जावयांची लागोपाठ ड्युटी. म्हणजे वाण द्यायचं तर शर्यतीच्या दिवशीच, नाहीतर नाहीच.

जावयांसोबत कधी कधी ताबिश यायचा. गडचांदुरात टायरचं दुकान आहे त्याचं. गुटगुटीत पोरगा, पळणारा वाटत नाही. दोघं आमच्या ओट्यावर बसून शर्यतीचं ठरवायचे आणि मी दाराआड तुरीची डाळ निवडत ऐकायची. सांगणारे जावई असायचे, ऐकणारा ताबिश.

"पयली अर्धी शर्यत अशी पळाची का लाज वाटली पायजे, इतकी हळू," जावई सांगायचे. "चढ आला का चालाचं. गुडघ्यावर हात ठेवून चालाचं. चढावर पळून जेवढं कमावशीन त्याच्या दुप्पट पुढं गमावशीन. अन् भूक लागाच्या आधी खायाचं. भूक लागल्यावर खाल्लं त उशीर झाला समज. शेवटच्या दोन हप्त्यात कमी पळाचं, पायाले आराम द्याचा."

बोलणं ऐकून मला वाटलं, माणूस शहाणा आहे. मग दोघं पळायला निघाले आणि मी वावरात जायच्या निमित्ताने मागे गेले.

आमचं भुरीगुडा जिवतीच्या वरच्या अंगाला. गावातून जाणारा रस्ता म्हणजेच एक चढ. खाली हापशी, वर शाळा, मध्ये दोन्ही बाजूंना घरांचे ओटे, आणि ओट्यांवर बसलेलं गाव. ताबिश हापशीपासून गुडघ्यावर हात ठेवून चालत निघाला. आमचे जावई छाती काढून असे पळाले, की कोंबड्या उडाल्या. ओट्यावरून पोट्टे ओरडले, "जवाई आले! जवाई आले!" जावई अजून जोरात. शाळा ओलांडून, शेवटचं घर मागे टाकून तुरीच्या वावराआड गेले, आणि तिथं कंबर धरून वाकले. तोंडातून आवाज असा, जसा कुकरच्या शिट्टीचा. मी बांधावरून पाहत होते. त्यांना दिसले नाही.

मागून ताबिश चालत आला. मी म्हणलं, "काऊन रे, तू चालत काऊन येऊन राह्यला?"

"विक्कीभाऊनंच सांगतलं ना, काकू. चढावर चालाचं."

"मंग ते काऊन पळते?"

ताबिश हसला. "त्यायची सासुरवाडी आहे, काकू. माही थोडीच आहे."

याआधी दोन शर्यती त्यांनी अर्ध्यात का सोडल्या ते मला त्या दिवशी कळलं. तिथं सासुरवाडी नव्हती, पण बघणारे होते. आता तर दोन्ही होतं.

मी म्हशीला सांगितलं, "चांदे, चढावर चालत गेलं त कोणाची इज्जत जात नाई." जावई अंगणात बूट पुसत होते. मान डोलावली, हसले.

शर्यत भरवणारी पुनम मॅडम चंद्रपूरची. आठ दिवस आधी गाडी घेऊन आली आणि म्हणाली, भुरीगुड्याच्या शाळेत मदत केंद्र ठेवायचं आहे. पळणारे जिवतीहून निघून शाळेत येतील, पाणी-केळी घेतील, पुढे नाल्याकडून मोठा वळसा घालून पुन्हा शाळेतच येतील, आणि मग माघारी जिवतीला. दुसऱ्यांदा शाळेत दुपारी तीनच्या आत आला नाही, तो बाद. केंद्राला प्रमुख हवी, जिचं गाव ऐकेल.

गावाने माझ्याकडे पाहिलं. माझ्या गळ्यात बिल्ला पडला.

करिष्माने मग मध्यस्थी केली. जावई दुसऱ्यांदा शाळेत येतील तेव्हा अनारसे खातील, वाण घेतील. मी म्हणलं, पाटावर बसून. ते म्हणाले, उभ्याने, पाच मिनिटं. शेवटी ठरलं की शाळेच्या खुर्चीवर बसतील. खुर्चीवर बसून वाण घेतलेलं मी कुठे पाहिलं नव्हतं, पण लच्छूच्या बायकोनेही पाहिलं नव्हतं, म्हणजे तिला नावं ठेवता येणार नव्हती.

शर्यतीच्या आदल्या रात्री पाऊस असा पडला की सकाळी हापशी गुडघाभर पाण्यात. मी शाळेच्या व्हरांड्यात निळा पाण्याचा ड्रम भरून ठेवला, केळी मांडली, मीठ-लिंबू ठेवलं. गावात फोनची रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर येते, म्हणून नानाजींना, म्हणजे माझ्या मालकांना, तिथं बसवलं. नाल्याची वाट शाळेमागून उजवीकडे खाली जाते. तिथं गुलाबी रिबिनी बांधलेल्या होत्या.

सगळी तयारी झाली आणि नानाजी टाकीवरून ओरडले, "इंदू! मॅडमचा फोन! नाल्याले पूर आहे म्हणते! तिकडं कोणाले सोडू नको म्हणते! डावीकडून, मारोतीच्या टेकडीवरून पाठव म्हणते!"

"अन् रिबिनी?"

"रिबिनी काढ म्हणते! नव्या वाटेले बांधाले रिबिनी नाईत म्हणते! एकेकाले तोंडानं सांग म्हणते! त्यानं मान डोलावल्याशिवाय सोडू नको म्हणते!"

मी लच्छूला रिबिनी काढायला पाठवते न पाठवते तोच खालून आरडाओरडा झाला. "जवाई आले! जवाई आले!"

सगळ्यांत पहिले. मागे कोणी दिसतही नाही, आणि हे चढावरून छाती काढून पळत येतायत. सगळं गाव रस्त्याच्या दोन्ही बाजूंना. मी पटकन पदर घेतला, तोंड फिरवलं. करिष्मा घरी पुरण वाटत होती. म्हैस गोठ्यात. समोर फक्त ड्रम.

मी ड्रमाला म्हणलं, आणि खड्या आवाजात म्हणलं, "बाप्पा ड्रमा! नाल्याले पूर आला आहे! जाणाऱ्यानं डावीकडून मारोतीवरून जावं!"

जावयांनी मान डोलावली. गोड हसले. पाणीही न घेता पुढे गेले.

मान डोलावली, म्हणजे सांगितलं. मॅडमचं म्हणणं पूर्ण झालं. तोवर लच्छू सावकाश बिडी विझवून निघाला आणि रिबिनी काढून आला.

मग बाकीचे यायला लागले. त्या सगळ्यांना मी दंडाला धरून सांगितलं. एक चंद्रपूरचा डॉक्टर दोनदा "हो हो" म्हणाला तरी मी त्याच्याकडून "मारोती, डावीकडे" असं वदवून घेतलं. ताबिश आला तो चालत. दोन केळी खाल्ली, तिसरं खिशात टाकलं, मीठ चाटलं, पाणी भरलं.

"काकू, विक्कीभाऊ किती पुढं आहेत?"

"कधीचे गेले. वाऱ्यासारखे."

ताबिशने कपाळावर हात मारला. "चढावर पळाले?"

"सासुरवाडी आहे बापा त्यायची," मी म्हणलं.

दुपारी लोक वळसा घालून परत यायला लागले. पहिला आला तो नागपूरचा कोणी उंच पोरगा. मी त्याला विचारलं, "आमचे पाहुणे पुढं होते ते?" तो म्हणाला, "माझ्या पुढं कोणीच नव्हतं, काकू. टेकडीवर चिखलात माझ्याच बुटाचे पहिले ठसे."

मला वाटलं, पोरगा बढाई मारतोय. दुसरा आला, तिसरा आला, एकेक करून बाकीचेही आले. मग ताबिश आला, खात खात, आणि म्हणाला, "विक्कीभाऊ मले कुठीच नाई भेटले."

तेव्हा मी शाळेमागच्या उतरणीकडे पाहिलं.

नानाजी टाकीवरून ओरडले, "इंदू! मॅडम इचारते, परत कोण नाई आलं?"

"एक जण!"

"कोण?"

आता नाव कसं घ्यायचं? "आपले पाहुणे!"

"मॅडम म्हणते, छातीवरचा नंबर सांगा!"

नंबर मी काय पाहिला होता! तोंड ड्रमाकडे होतं. "पोपटी बूटवाले म्हणा!"

ताबिश म्हणाला, "मी नाल्याकडं पाहून येतो, काकू."

"तू तुई शर्यत पळ. तू कसा हळू हळू जमवत आला, आता वाया नको घालवू." मी करिष्माला हाक मारली, तिला ड्रमाजवळ उभं केलं, आणि अनारशांचा डबा उचलून नाल्याची वाट धरली. डबा का घेतला? महिना संपत आला होता. माणूस सापडला आणि वाण घरी राहिलं असं मला चालणार नव्हतं.

नाल्याची वाट उतरणीची, निसरडी. मी एकेक पाय टाकत गेले. मनात सगळे देव आठवले. लच्छूची बायकोही आठवली, पण तिला मी बाजूला सारलं. पाण्याचा आवाज यायला लागला तशी माझी पावलं आपोआप लांब पडायला लागली. याला कोणी पळणं म्हणत असेल तर म्हणो.

नाला दोन्ही काठ भरून लाल पाण्याने वाहत होता. आणि काठाला मोहाच्या झाडाखाली, दगडावर, चांदीच्या कागदात गुंडाळलेले जावई बसले होते. पळणाऱ्यांना तो कागद सोबत ठेवावाच लागतो, थंडी वाजली तर अंगाला घ्यायला. दिसत होते मात्र मोठ्या पानपुडीसारखे. दात वाजत होते. चोखायच्या पुड्या संपल्या होत्या, रिकाम्या पायाशी पडल्या होत्या.

जीव भांड्यात पडला. मी पदर सारखा केला, तोंड फिरवलं. लेक नाही, म्हैस नाही, भिंत नाही. मी मोहाला म्हणलं, "माणसाले म्हणा, उठा, घरी चला."

जावयांनी मान डोलावली. हसले. बसून राहिले.

मी नाल्याला म्हणलं. पुन्हा मान डोलावली. ओठ निळे पडले होते आणि मान डोलतच होती. तेव्हा माझं डोकं फिरलं.

"विक्की!" मी ओरडले. "ऊठ!"

ते असे ताडकन उठले, की कागद नाल्यात गेला.

"मामी... तुमी मले बोल्ले?"

"इथी दुसरा विक्की आहे का?"

"नाई, पण... तुमी त बोलत नाई."

"सकाळी बोल्ली होती! नाल्याले पूर आहे म्हून सांगतलं नाई का?"

"मले नाई सांगतलं, मामी. तुमी ड्रमाले सांगत होत्या." ते अगदी खरं बोलत होते, डोळ्यांत पाणी होतं. "मले वाटलं, ड्रमाचं काही काम असन."

मी तो विषय तिथंच सोडला. "मंग पूर पाह्यल्यावर परत काऊन नाई आले? गळ्यात शिट्टी आहे, ते काऊन नाई वाजवली?"

जावई खाली पाहायला लागले. "शिट्टी वाजवली असती त सारं गाव आलं असतं. अन् परत याचं म्हणजे मांगच्या गल्लीतून, तो चढ चालत... लोकं म्हणतीन, पयला गेलेला जवाई पैदल परत आला. म्हटलं, पाणी उतरलं का पलीकडं जाऊ."

"पाणी उतराले दिवाळी लागन."

"पाय आखडले, मामी. पोटात काही नाई. तिसरी शर्यत गेली." आणि ते दगडावर पुन्हा बसले, जसं लहान पोर जत्रेत हरवल्यावर बसतं.

मग मी जे केलं ते असं. डबा उघडला. वाणावर दिवा लागतो. दिवा कुठून आणायचा? त्यांच्या पाठीवरच्या पिशवीत कपाळाला बांधायचा दिवा होता, तोही शर्यतीच्या नेमात सोबत ठेवावाच लागतो. मी म्हणलं, "बांधा कपाळाले. पेटवा." भर दुपारी त्यांनी दिवा पेटवला. पूर्वेकडे तोंड करून बसवलं, डबा त्यांच्या ओंजळीत दिला, नाल्याचं पाणी सोडलं. "घ्या. वाण दिलं. आता खा."

"मामी, तळलेलं... पोट..."

"पोटाची शिकवणी झाली महिनाभर. आता परीक्षा आहे."

पहिला अनारसा त्यांनी भीत भीत तोडला. दुसरा भीत भीत नाही. तिसऱ्यानंतर मी दुसरीकडे पाहायला लागले, कारण खाणाऱ्याचे घास मोजू नयेत. तोंडाला खसखस, कपाळावर दिवा, हात गुळाने चिकट, आणि गालावर रंग आला. मला त्या घडीला चांदीचा गिलास कुठे आठवतोय!

"चला आता," मी म्हणलं. "माह्या मांगं मांगं. माह्या पुढं जायाचं नाई. चढ आहे."

"मामी, मले माहीत आहे, चढावर चालाचं असते. मीच त ताबिशले शिकवलं."

"मले माहीत आहे तुमाले माहीत आहे. डाळ निवडता निवडता सारं आयकलं मी."

आम्ही वर आलो तोवर बातमी पसरली होती. मागच्या गल्लीत एकही ओटा रिकामा नव्हता. मी पुढे, मागे जावई, दोन्ही हातांत डबा धरून, एकेक पाऊल टाकत. मला त्यांची चाल मागून ऐकू येत होती. लोक दिसताच पावलं जलद व्हायला लागली. मी न वळता म्हणलं, "हळू."

लच्छूची बायको ओट्यावरून म्हणाली, "काय वं इंदू? जवाई पैदल? सकाळी त हरणावानी पळत होते!"

मी थांबले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणलं, "वाण घेऊन येऊन राह्यले माय. वाण हातात घेऊन कोणी पळते का? तुया जवाई पळाला होता का गिलास घेऊन?"

गल्ली हसली. कोणीतरी हात जोडले, कारण वाण पुढून जात होतं आणि कपाळावर दिवा होता. जावयांची मान वर आली. आणि त्यांचं पाऊल आहे त्याच चालीत, ना हळू ना जलद, चढ चढत गेलं. मी मागे वळून पाहिलं. पाहायला नको होतं रीतीप्रमाणे, पण पाहिलं.

शाळेत आलो तेव्हा तीन वाजून गेले होते. नानाजी टाकीवर तयारच.

"इंदू! मॅडम म्हणते, उशीर झाला, बाद! अन् केंद्राच्या बाहेर मदत घेतली त तेही चालत नाई!"

"केंद्राचा बिल्ला माह्या गळ्यात आहे म्हणा! बिल्ला नाल्यावर होता, म्हणजे केंद्र नाल्यावर होतं!"

नानाजींनी सांगितलं. "मॅडम हासून राह्यली! पण ते इचारते, त्यायले वाट बदलल्याचं सांगतलं होतं का? सांगतलं असन त त्यायची चूक, बाद! नसन सांगतलं त केंद्राची चूक, गेलेला येळ परत भेटन!"

सगळं गाव माझ्याकडे पाहत होतं. लच्छूची बायको पार पुढे आली होती.

"सांगतलं होतं," मी म्हणलं.

"कोणाले सांगतलं, इचारते!"

जावई माझ्याकडे पाहत होते. डब्यात अजून अनारसे होते. तिसरी शर्यत होती.

"ड्रमाले," मी म्हणलं.

नानाजींनी फोन तोंडाजवळ धरला. चाळीस वर्षांत त्यांनी माझी अशी गोष्ट कोणाला सांगितली नव्हती. मग पूर्ण ताकदीने फोनमध्ये ओरडले, "ड्रमाले सांगतलं म्हणते!" आणि पहाडावरच्या शेवटच्या झोपडीपर्यंत ते पोचलं. वरून उत्तर आलं, "केंद्राची चूक म्हणते! जाऊ द्या म्हणते!"

केंद्राची चूक. ठीक आहे. केंद्र माझं होतं.

जावई मारोतीच्या वाटेने निघाले. डावीकडे. चढ लागताच गुडघ्यावर हात ठेवले आणि चालायला लागले. खिशात अनारसे.

संध्याकाळी आम्ही पुरणाचं पातेलं घेऊन लच्छूच्या टेम्पोतून जिवतीला गेलो. ताबिश केव्हाचा पोचला होता, गळ्यात पदक, समोर तिसरी प्लेट पोह्यांची. सगळे आले, मंडप उतरवायला लागले. मग बाजाराच्या टोकाला, शेवटच्या चढावर, कपाळावर दिवा दिसला. भर बाजारातून, दुकानदार पाहत असताना, जावई चालत येत होते. सपाटी लागल्यावर पळाले, आणि सगळ्यांत शेवटी, पण वेळेत, आत आले. तोंडात अनारसा होता.

पदक घालून ते माझ्या पाया पडायला वाकले आणि पायात गोळा येऊन तिथंच अडकले. ताबिशने काखेत हात घालून सरळ केलं. मी पदर घेतला, तोंड फिरवलं. "करिष्मा, त्यायले सांग..."

करिष्मा म्हणाली, "माय, तूच सांग. आता कायचं मांगं-पुढं?"

मी पदर राहू दिला, पण तोंड समोर केलं, आणि बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं:

"जवाईबापू, पाय तुमचे चांगले आहेत. पोट आज पास झालं. पण लग्नाले दीड वर्स झालं, अन् तुमी वरातीच्या घोड्यावरून अजून उतरले नाई. उतरा आता. चढ आला का चालत जा, अन् वाट चुकली का शिट्टी वाजवा. गाव हासते त हासू द्या, गावाले मी पाहून घेते. अन् ते पुड्या फेका, पातेलं गरम आहे, खाली बसून जेवा."